एका हाराची किंमत: प्रदर्शनातील आणि ऑनलाइन

नवरात्रापूर्वीचे तीन-चार आठवडे वडोदऱ्यात हस्तकलेच्या प्रदर्शनांचे असतात. रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कोठल्या ना कोठल्या सभागृहात टेबले मांडलेली असतात आणि त्यांतील चार-पाच टेबलांवर हाताने घडवलेले दागिने हमखास असतात. एखादी बाई अकीकच्या लाल मण्यांचा हार उचलते, गळ्याशी धरून आरशात पाहते, चिठ्ठीवरचा 620 रुपयांचा आकडा वाचते आणि म्हणते, "बेन, छेल्लो भाव बोलो ने. मंगळ बजारमां तो दोढसोमां मळे छे." म्हणजे शेवटचा भाव सांगा, मंगळ बाजारात तर हा दीडशेला मिळतो. टेबलामागची बाई क्षणभर विचार करते आणि पाचशे सांगते. हार विकला जातो व दोघीही समाधानाने निरोप घेतात. त्या पाचशे रुपयांत आपल्या हाती नेमके काय उरले, हे मात्र टेबलामागच्या बाईला माहीत नसते.

दांडिया बाजारातील आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी नऊ वर्षांपासून हार गाठवते आहे. पहिली दोन वर्षे मीही असेच आकडे सांगत होते. प्रदर्शनाहून परतताना पर्स भरलेली असे, म्हणून धंदा चांगला चालला आहे असे वाटे, परंतु पुढच्या मालासाठी पैसे काढायची वेळ आली की पर्स पुरत नसे. पुढे हिशेबाची वही घातली तेव्हा लक्षात आले की चूक विक्रीत नव्हती. दागिन्याची किंमत टेबलावर नव्हे, तर घरी, वही पुढ्यात घेऊन ठरवावी लागते, आणि ठरलेली किंमत प्रदर्शनात व ऑनलाइन अशा दोन्ही ठिकाणी टिकावी लागते. या लेखात तो हिशेब एकाच हाराच्या आधारे मांडला आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून तो पुन्हा करावा.

हा हार खंबातच्या अकीकचा आहे. खंबात आपल्याकडून जवळ असल्यामुळे तेथील मणी स्वतः निवडून आणता येतात, ही वडोदऱ्यात काम करणाऱ्यांची मोठी सोय आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरात निघणारा हा दगड आधी उन्हात वाळवतात आणि नंतर मातीच्या भांड्यांत ठेवून भाजतात. त्यातील लोहाच्या अंशामुळे मळकट पिवळा खडा तांबडा होतो. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याची कार्यशाळा आणि भट्टी सापडली आहे, म्हणजे या भागातील हे काम हडप्पा काळापासूनचे आहे. 'खंबातचे अकीक' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. हा दगड घासताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साचते आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो, हेही येथे लिहिलेच पाहिजे. मण्यांचा भाव पाडून मागण्याची इच्छा होते तेव्हा मला ती धूळ आठवते, आणि मी भाव पाडून मागत नाही.

आता हिशेब पाहू. एका हाराला मण्यांचे 90 रुपये, धाग्याचे 10, हूक व कड्यांचे 25 आणि मधल्या धातूच्या मण्यांचे 15, असे सामानाचे 140 रुपये होतात. फुटलेले मणी, तुटलेला धागा आणि भोक नीट न पडल्यामुळे बाजूला काढावे लागणारे मणी यांपोटी सामानाच्या दहा टक्के, म्हणजे 14 रुपये धरावेत. डबी, नावाचे कार्ड आणि पिशवी यांचे 25, तर पक्कड, दिवा, फोन यांसारख्या सामायिक खर्चाचे 20 रुपये होतात. मजुरी अजून धरायची आहे, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच धरली जात नाही.

अकीकच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असते. मणी नुसते ओवले, तर वर्षभरात ती कड धागा कापते आणि भर कार्यक्रमात मणी घरंगळतात. म्हणून दर दोन मण्यांमध्ये गाठ मारतात. त्यामुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि धागा तुटलाच तरी सारा सर विखुरत नाही. गाठ सैल धरायची, त्यात सुई घालायची, सुईच्या टोकाने गाठ मण्याला अगदी टेकेपर्यंत सरकवायची आणि मगच आवळायची. गाठ अर्धा मिलिमीटर जरी दूर पडली, तरी हार गळ्यात ढिला दिसतो. साठ मण्यांच्या हाराला मला 70 मिनिटे लागतात. तासाला 120 रुपये मजुरी धरली, तर या कामाचे 140 रुपये होतात. ही मजुरी आपण स्वतःला द्यायची आहे, कारण उद्या मागणी वाढून मदतीला दुसरी बाई ठेवावी लागली, तर तिला ती द्यावीच लागेल. 140, 14, 140, 25 आणि 20 मिळून 339 रुपये होतात. हार घरातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्यावर एवढा खर्च झालेला असतो.

प्रदर्शनाचा हिशेब यापुढे सुरू होतो. समजा, तीन दिवसांच्या टेबलाचे भाडे 6,000 रुपये आहे आणि रिक्षा, जेवण व मदतनीस यांचे 1,500 रुपये होतात. हार 620 रुपयांना विकला, तर घरचे 339 वजा जाऊन 281 रुपये राहतात. या 281 रुपयांतून आधी ते 7,500 रुपये फेडायचे असतात. भागाकार केला, तर 27 हार विकले जाईपर्यंत प्रदर्शन आपल्याला काहीही देत नाही. सत्ताविसाव्या हारावर खर्च फिटतो आणि अठ्ठाविसाव्यापासून नफा सुरू होतो. साठ हार गेले, तर भाड्याचा भार प्रत्येकी 125 रुपये पडतो आणि हारामागे 156 रुपये उरतात. पाऊस आला, त्याच दिवशी शहरात दुसरीकडे मोठा कार्यक्रम असला आणि तीसच हार गेले, तर हारामागे 31 रुपयेच राहतात. म्हणून टेबल नोंदवण्यापूर्वी "गर्दी किती येते?" एवढे विचारून थांबू नये. आपल्या मालाच्या बाबतीत खर्च फेडणारा आकडा किती, हे आधी काढावे, आणि तेवढे नग तेथे खपतील का, हे मागच्या वर्षी टेबल लावलेल्या दोघी-तिघींना विचारावे. एका आयोजकांनी दागिन्यांची पाचच टेबले ठेवू असे मला सांगितले होते. प्रत्यक्षात तेथे सतरा टेबले निघाली आणि माझे नऊ हार खपले. तेव्हापासून दागिन्यांच्या टेबलांची संख्या मी भाड्याच्या पावतीवर लिहून घेते.

घासाघिशीचा हिशेबही येथेच कळतो. 620 रुपयांवर दहा टक्के सूट म्हणजे 62 रुपये, आणि ग्राहकाला ही सूट लहान वाटते. आपल्या बाजूने पाहिले, तर ते 62 रुपये 156 मधून जातात, म्हणजे नफ्याचा जवळजवळ चाळीस टक्के भाग एका वाक्यात संपतो. पाचशेला दिलेल्या हारात साठ हारांच्या चांगल्या प्रदर्शनातही 36 रुपये उरतात. मंगळ बाजारातील दीडशे रुपयांच्या हाराशी आपली तुलना होऊ नये असे वाटत असेल, तर दोन्हींतील फरक हातात देऊन दाखवावा लागतो. अकीकचा मणी स्पर्शाला थंड व वजनदार लागतो, प्लॅस्टिकचा मणी हातात लगेच कोमट होतो, आणि चाकूच्या टोकाने अकीकवर ओरखडा उमटत नाही. मी टेबलावर एक अर्धवट गाठवलेला सर आणि सुई ठेवते व विचारणाऱ्या बाईला एक गाठ मारायला देते. गाठ मारून पाहिलेल्या बहुतेक बायका त्यानंतर भाव पाडून मागत नाहीत.

ऑनलाइन विक्रीत टेबलाचे भाडे नसते म्हणून ती स्वस्त पडते, हा समज फार पसरलेला आहे. वस्तुतः तेथील खर्च एकरकमी नसून प्रत्येक नगाला थोडा थोडा चिकटलेला असतो, एवढाच फरक आहे. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन कुरिअरने पाठवलेल्या हाराला कुरिअरचे 70, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे 15, वाटेत तुटणाऱ्या व परत येणाऱ्या मालापोटी 20, आणि फोटो काढणे, प्रश्नांना उत्तरे देणे व पत्ता लिहिणे यांत जाणाऱ्या वीस मिनिटांचे 40, असे 145 रुपये धरावे लागतात. म्हणजे 620 मधून 136 रुपये उरतात. मोठ्या पोर्टलवर विकले आणि दलाली, शुल्क व जाहिरात मिळून चौथा हिस्सा गेला, तर 155 रुपये तेथेच कापले जातात. कुरिअर, परतीचा माल आणि अर्धाच वेळ धरला तरी आणखी 110 रुपये जातात, आणि हाती 16 रुपये येतात. पोर्टल वाईट असते असे मी म्हणत नाही. अनोळखी गावातील ग्राहक ते आपल्यापर्यंत आणते, हे खरे आहे. परंतु तेथे हा हार ठेवण्याऐवजी कानातल्यांच्या तीन जोडांचा संच ठेवावा, म्हणजे एका पार्सलचा खर्च तीन वस्तूंत वाटला जातो.

कुरिअरचा एक नियम पहिल्यांदा पार्सल पाठवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतो. अनेक कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 5,000 ने भागायचे, म्हणजे आकारमानाचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. माझा हार डबीसकट 120 ग्रॅमचा असतो. तो 20 बाय 15 बाय 10 सेंटिमीटरच्या खोक्यात घातला, तर 3,000 भागिले 5,000, म्हणजे 600 ग्रॅम धरले जातात, आणि पहिला टप्पा 500 ग्रॅमचा असल्यास पार्सल वरच्या दरात जाते. तोच हार 16 बाय 12 बाय 4 च्या चपट्या खोक्यात घातला, तर वजन 154 ग्रॅम भरते. खोके बदलल्यानेच कुरिअरचा दर उतरतो, म्हणून डबीचा आकार दिसण्यावरून ठरवण्याआधी मोजपट्टीने मोजावा. पार्सल हाती आल्यावर ग्राहकाने पैसे देण्याच्या 'घरपोच पैसे' या पद्धतीतही सावध राहावे. ग्राहकाने पार्सल घेतले नाही, तर जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे बहुधा आपल्यालाच भरावे लागते; ते 140 रुपये म्हणजे एका यशस्वी विक्रीचा सगळा नफा होय.

आता एकाच किमतीच्या मुद्द्याकडे येते. प्रदर्शनात 500 आणि इन्स्टाग्रामवर 650 अशी किंमत ठेवली, तर वडोदऱ्यासारख्या शहरात ते फार काळ लपत नाही. टेबलासमोर उभी असलेली मुलगी तेथेच फोन काढून आपले पान पाहते, आणि पानावर 650 देऊन हार घेतलेली बाई पुढच्या महिन्यात अकोट्याच्या प्रदर्शनात टेबलासमोर येऊन उभी राहते. दोन्हीकडे जिच्यात काही उरते अशी किंमत एकदा ठरवावी आणि ती बदलू नये. प्रदर्शनात काही विशेष द्यायचेच असेल, तर ते पैशांच्या रूपात देऊ नये. हाराची लांबी तेथल्या तेथे कमी करून द्यावी, हूक बदलून द्यावा किंवा जुना तुटलेला सर मोफत गाठवून द्यावा. यात आपली पंधरा मिनिटे जातात, परंतु किंमत टिकते, आणि ती बाई तो सर पुढच्या वेळी आपल्याकडेच आणते.

प्रदर्शन आणि ऑनलाइन विक्री या एकमेकींच्या कामाच्या गोष्टी आहेत, त्यांची स्पर्धा लावू नये. लोक कोणता नग उचलतात, उचलून का ठेवतात, कानातल्याचे वजन पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडते, हे प्रदर्शनातच दिसते. मी वहीत उचललेल्या नगांपुढे उभी रेघ आणि विकलेल्या नगांपुढे फुली मारते. पुष्कळ उचलला जाणारा पण न विकला जाणारा नग बहुधा महाग नसतो. त्याची लांबी, वजन किंवा हूक यांपैकी काहीतरी चुकलेले असते. ते दुरुस्त करूनच त्याचे फोटो काढावेत. फोटो सकाळच्या खिडकीच्या उजेडात काढावेत, एक फोटो गळ्यातील किंवा कानातील असावा, आणि लांबी सेंटिमीटरमध्ये व कानातल्यांचे वजन ग्रॅममध्ये लिहावे. "अपेक्षेपेक्षा लहान निघाले" ही परतीमागची तक्रार या दोन आकड्यांनी बरीच कमी होते.

वर्णनात खरे लिहिणे हा शिष्टाचारापुरता प्रश्न नाही. नवरात्रात खपणारे काळपट दागिने पुष्कळदा 'जर्मन सिल्व्हर'चे म्हणून विकले जातात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते. निकेलमुळे काही जणींच्या त्वचेला खाज सुटते व पुरळ येते, आणि नऊ रात्री घाम गाळत गरबा खेळताना तो त्रास अधिक होतो. म्हणून माझ्या कार्डावर धातूचे नाव लिहिलेले असते, आणि कानातल्यांची तार चांदीची असेल तर '925' हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी. दगड भाजून किंवा रंगवून लाल केलेला असेल, तर तेही लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. 'माल परत घेतला जाणार नाही' असे ठळक अक्षरांत लिहिल्याने या नियमातून सुटका होत नाही. वर्णन अचूक असणे हेच खरे संरक्षण आहे.

कराची भीती अनेकींना पहिल्या पायरीवरच अडवते, म्हणून तेवढे सांगते. गुजरातेत फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. हाताने घडवलेल्या इमिटेशन दागिन्यांवर कराचा दर तीन टक्के आहे. 40 लाखांच्या मर्यादेखालील विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून पोर्टलवरूनही जीएसटी नोंदणीविना विकता येते, मात्र राज्यातल्या राज्यातच आणि पोर्टलला देण्याचा वेगळा नावनोंदणी क्रमांक पॅनच्या आधारे घेऊनच. पोर्टलवरून पुण्याला किंवा मुंबईला माल जाणार असेल, तर जीएसटी नोंदणी लागते. पोर्टलविना स्वतः राज्याबाहेर पाठवल्या जाणाऱ्या ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे, परंतु तिच्या कागदपत्रांच्या अटी आहेत, तेव्हा पहिले पार्सल धाडण्यापूर्वी एकदा सनदी लेखापालाला विचारावे. लहान उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिराला 'पहचान' ओळखपत्र मिळते, ते सरकारी मेळ्यांत टेबल मिळवताना उपयोगी पडते.

वर्षाचे वेळापत्रक हाही किमतीचाच भाग आहे. नवरात्राचा माल श्रावणात गाठवायला घ्यावा लागतो, म्हणजे सामानात गुंतलेले पैसे दोन महिने अडकतात. नवरात्राआधी भाद्रपदात गौरींसाठी ठुशा, नथी आणि मोत्यांचे सर मागितले जातात, आणि ते काम मराठी घरांतून फोनवरच येते. हलव्याच्या दागिन्यांची गोष्ट सर्वांहून वेगळी आहे. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण आणि लहान मुलांचे बोरन्हाण यांसाठी ते लागतात, 14 जानेवारीच्या आधी पोहोचावे लागतात आणि रथसप्तमीनंतर त्यांना कोणी विचारत नाही. ते साखरेचे असल्यामुळे दमट हवेत चिकटतात, मुंग्या लागतात आणि पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाहीत. म्हणून हलव्याचा एकही संच मी आगाऊ रकमेशिवाय करत नाही, दूरच्या गावच्या मागण्या 25 डिसेंबरनंतर घेत नाही, आणि त्यांच्या किमतीत न खपलेल्या मालाची तूट धरण्याची गरजच पडत नाही.

अकीकच्या हाराचे तसे नाही. दसऱ्यानंतर खोलीत दहा-पंधरा हार उरतात, आणि ते निम्म्या किमतीत काढून टाकावेत असा सल्ला दरवर्षी कोणीतरी देते. 310 रुपयांना हार दिला, तर 339 रुपयांचा खर्चही निघत नाही, आणि ज्या बाईने तोच हार आठवड्यापूर्वी 620 ला नेला, तिला आपण कायमचे गमावतो. त्याऐवजी दोन प्रदर्शनांत आणि पानावर मिळून जो नग कोणी उचललाही नाही, तो मी उसवते. धागा आणि मजुरी जाते, परंतु मणी, हूक आणि धातूचे मणी मिळून 130 रुपयांचे सामान परत मिळते व दुसऱ्या रचनेत बसते. गाठी कापून, मण्यांची भोके सुईने साफ करून, आकारानुसार मणी डब्यांत भरायला एका हाराला दहा मिनिटे लागतात. तासाला 120 या दराने ते 20 रुपये होतात, आणि ज्या हारात ते मणी पुढे जातात त्याच्या मजुरीत ते धरले जातात.